चार पेट्या सुपारी आणि तीन वेगळे कायदे

भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून तंबाखू, बिडी, सिगारेट आणि सुपारीच्या एका ठोक विक्रेत्याचे चार पानी पत्र आले आहे. वडिलांनी 1983 मध्ये सुरू केलेली एजन्सी ते चालवतात आणि आसपासच्या गावांतील सुमारे सव्वाशे पानठेल्यांना व किराणा दुकानांना माल पोहोचवतात. गेल्या महिन्यात त्यांची माल पोहोचवणारी गाडी रस्त्यात अडवण्यात आली. ती सहा तास उभी राहिली आणि त्यातील गोड सुपारीच्या चार पेट्या जप्त झाल्या. ते लिहितात : “सुपारीत तंबाखूचा कणही नव्हता, बिल पक्के होते, तरी आम्हाला चोरासारखे उभे केले. सरकार कारखान्याला परवानगी देते, आमच्याकडून कर घेते आणि मग आम्हालाच धरते. रोज नवा नियम ऐकू येतो. ठेलेवाले म्हणतात की सुगंधी माल ठेवा, नाहीतर दुसऱ्याकडून घेऊ. मुलगा नागपुरात एम.कॉम. करतो आहे, तो म्हणतो की धंदाच बंद करा. काय करावे?”

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात त्यातील राग मनात राहतो आणि व्यवहाराचे तपशील निसटतात. आपल्या रागाला आधार नाही असे मी म्हणणार नाही. जो माल कारखान्यातून उजळ माथ्याने निघतो, त्याच मालासाठी शेवटच्या गावापर्यंतचा माणूस भीतीत राहतो, ही स्थिती सुखाची नाही. परंतु आपण ज्याला ‘सरकारचे तंबाखूचे नियम’ म्हणता, ते एकमेकांशी फारसा संबंध नसलेले तीन कायदे आहेत, आणि आपल्या गाडीवर जी कारवाई झाली ती तंबाखूच्या कायद्याखाली झालेलीच नाही, असे आपल्या वर्णनावरून दिसते.

म्हणून आधी त्या चार पेट्यांविषयी. सुपारी हा कायद्याच्या दृष्टीने अन्नपदार्थ आहे आणि तिला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 लागू होतो. या अधिनियमाच्या कलम 30 नुसार राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून एखाद्या अन्नपदार्थावर जास्तीत जास्त एक वर्षासाठी बंदी घालता येते. महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाला यांच्यावर याच अधिकारात बंदी आली, आणि तेव्हापासून हा आदेश मुदत संपताच पुन्हा काढला जातो. पुढे त्याच्या कक्षेत सुगंधी तंबाखू, सुगंधी वा स्वादयुक्त सुपारी, मावा आणि आपल्या विदर्भाचा खर्राही आला. आदेशात केवळ विक्रीच नाही, तर उत्पादन, साठा, वितरण आणि वाहतूक असे सगळे शब्द आहेत. त्यामुळे आपली गोड सुपारी त्यात तंबाखू आहे म्हणून गेली नाही. ती स्वादयुक्त आहे म्हणून गेली. आपण गाडीजवळ उभे राहून ‘यात तंबाखू दाखवा’ असे सहा तास म्हणत राहिलात, तेव्हा ज्या प्रश्नाचे उत्तर कोणी विचारलेच नव्हते ते उत्तर आपण देत होता.

बिल पक्के होते, हेही मला मान्य आहे. आपण ते बिल शेजारच्या राज्यातील व्यापाऱ्याचे असल्याचे लिहिले आहे. बालाघाटकडून किंवा राजनांदगावकडून येणारा जो माल तिथे उघडपणे विकता येतो, तो सीमेच्या अलीकडे आला की आपल्या आयुक्तांच्या आदेशाखाली येतो. कर भरल्याची पावती ही कर भरल्याचीच पावती असते. बंदी असलेला माल बाळगण्याची ती परवानगी होत नाही. आपल्या भागातील अनेक व्यापारी इथेच फसतात, आणि फसल्यावर त्यांना खरोखरच अन्याय झाल्यासारखे वाटते, कारण त्यांनी काहीही लपवलेले नसते.

आपण वडिलांचा दाखला दिला आहे की ‘पूर्वीही अशी बंदी आली होती आणि कोर्टात उडाली’. त्यांची आठवण खरी आहे. महाराष्ट्र सरकारने 2002 मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती ऑगस्ट 2004 मध्ये रद्द केली. परंतु ती बंदी त्या वेळच्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालची होती. 2006 चा अधिनियम त्यानंतरचा आहे आणि आयुक्तांचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. त्या जुन्या विजयाच्या भरवशावर आज कोणी माल भरत असेल तर त्याने तो भरवसा सोडावा. ‘या वर्षीच्या आदेशाची मुदत संपली आहे, नवा अजून निघालेला नाही’ अशी कुजबुज दर पावसाळ्यात बाजारात फिरते. तिच्यावर विसंबून एक पेटीही उचलू नये.

आता ठेलेवाल्यांच्या दबावाविषयी, कारण माझ्या मते आपल्या पत्राचा गाभा इथे आहे. सुगंधी माल ठेवला नाही तर गिऱ्हाईक जाईल, ही आपली भीती खोटी नाही. खर्रा घोटणारा माणूस सुपारी, सुगंधी तंबाखू, चुना आणि पन्नी हे सगळे एकाच ठिकाणाहून घेऊ पाहतो, आणि जो त्याला सुगंधी देतो त्याच्याकडूनच तो बिडीचे बंडलही उचलतो. तरीही त्या मालातून मिळणारा नफा आणि त्यातला धोका एकाच वहीत समोरासमोर मांडून पाहा. गुटखा आणि तत्सम मालाच्या प्रकरणांत पोलीस अन्न कायद्यावर थांबत नाहीत. विषारी पदार्थ देऊन इजा करण्यासंबंधीचे भारतीय दंड संहितेचे कलम 328 पूर्वी लावले जात असे, आणि आता त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 123 आहे. त्यात दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. अन्न सुरक्षा कायदा असल्यामुळे दंड संहितेखाली गुन्हा नोंदवताच येत नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत सप्टेंबर 2018 मध्ये फेटाळला. ते कलम एखाद्या प्रकरणात सिद्ध होईल की नाही, हा पुढचा वाद आहे. परंतु तो वाद जामिनासाठी धावपळ करत, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असताना लढावा लागतो. दोन-चार टक्क्यांच्या फरकासाठी ही जोखीम घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. जे ठेले केवळ सुगंधीसाठी आपल्याला सोडून जातील त्यांना जाऊ द्यावे, आणि जाण्यापूर्वी त्यांची उधारी तेवढी वसूल करावी.

साधी सुपारी आपण जरूर विकू शकता, पण तिच्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालचा परवाना वा नोंदणी आपल्या नावाची हवी, केवळ आपल्याला माल देणाऱ्याची असून भागत नाही. आपण पत्रात परवान्याचा उल्लेख कुठेही केलेला नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो. या कायद्याचे कलम 27 वितरकाची जबाबदारी स्वतंत्रपणे सांगते. मुदत संपलेला माल पुढे दिला, अस्वच्छ जागेत ठेवला, किंवा तो कोणाकडून घेतला हे सांगता आले नाही, तर ठोक विक्रेता स्वतः जबाबदार ठरतो. ओल लागलेली, बुरशी आलेली सुपारी निवडून, वाळवून पुन्हा पोत्यात भरण्याची जी पद्धत काही गोदामांत असते, ती आपल्याकडे असेल तर आजच थांबवा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला तर तो चार भागांत घेतला जातो, आणि त्यातील एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी आपण तेथेच करू शकता. विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला तर तीस दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ही मुदत बहुतेक व्यापारी ‘साहेबांना भेटून पाहू’ असे म्हणण्यात घालवतात.

दुसरा कायदा तंबाखूचा, म्हणजे 2003 चा सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम. यातली ठोक विक्रेत्याला सर्वांत जवळची तरतूद कलम 7 ची आहे : ठरवून दिलेला इशारा पाकिटावर नसेल तर त्या मालाचा पुरवठा, वितरण वा व्यापार कोणालाही करता येत नाही. 1 एप्रिल 2016 पासून हा सचित्र इशारा पाकिटाच्या मुख्य बाजूंच्या 85 टक्के जागेवर असावा लागतो. तंबाखूच्या कारखानदारांनी त्याविरुद्ध मोठी लढाई दिली. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये तो नियम रद्दही केला, पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली आणि 85 टक्के कायम राहिले. सिगारेटच्या बाबतीत आपल्याला चिंता नसावी, कारण मोठे कारखाने छपाईत चूक करत नाहीत. चिंता आहे ती बिडीची आणि स्थानिक पुड्यांची. भंडारा-गोंदिया पट्ट्यातील लहान कारखानदारांच्या बंडलांवरचे चित्र कधी अर्धे दुमडलेले, कधी ओळखू न येण्याइतके पुसट, तर कधी दोन वर्षांपूर्वीचेच असते. ते बंडल ज्याच्या गोदामात सापडते त्याला विक्रेता वा वितरक म्हणून कलम 20 लागते : पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि 3,000 रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा पाहून हसू येईल, परंतु माल जप्त होतो तो वेगळाच.

आपण विचारले आहे की चित्र बदलले की जुन्या चित्राचा साठा फेकून द्यायचा का. नाही. इशारा कोणता हवा हे पाकीट केव्हा तयार झाले वा भरले गेले यावर ठरते, ते केव्हा विकले यावर नाही. उदाहरणार्थ, 1 डिसेंबर 2022 पासून नवा संच आला तेव्हा त्या दिवशी आणि नंतर तयार झालेल्या मालावर तो असणे बंधनकारक होते. आधी तयार झालेला माल त्यामुळे बेकायदा ठरला नाही. म्हणूनच पाकिटावरचा उत्पादनाचा महिना आणि आपल्या खरेदी बिलाची तारीख यांचा मेळ बसला पाहिजे. गोदामात आधी आलेला माल आधी निघेल अशी मांडणी करा आणि ज्या बंडलावर महिनाच छापलेला नाही ते बंडल घेऊच नका, मग तो कारखानदार आपला कितीही जुना स्नेही असो.

पानठेल्यावर एकेक बिडी-सिगारेट सुटी विकण्यावर राज्याने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातली आहे, कारण सुट्या नगासोबत इशारा जात नाही. ती मोडण्याचे काम ठेल्यावर होते, आपल्याकडे नाही. म्हणून यावर मी अधिक लिहीत नाही. आपल्या माणसांनी पाकिटे फोडून माल देऊ नये, एवढे पाहा.

आपल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य जाता जाता आले आहे, आणि तेच मला सर्वांत गंभीर वाटले. ‘गोदामाच्या मागेच जिल्हा परिषदेची शाळा आहे, त्यामुळे दुपारी गाडी लावता येत नाही’, असे आपण गाडीच्या अडचणीविषयी लिहिले आहे. अडचण गाडीची नाही. कलम 6 नुसार शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या परिघात तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही. हे अंतर शाळेच्या फाटकापासून रस्त्याने मोजत नाहीत. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजतात. ‘आम्ही ठोकवाले, आमच्याकडे पोरे येत नाहीत’ हा बचाव चालणार नाही, कारण विक्रीच्या व्याख्येत या कायद्याने ठोक आणि किरकोळ, रोख आणि उधार अशी सगळीच विक्री घेतली आहे. ठेलेवाला आपल्या गोदामात येऊन पैसे देतो आणि माल उचलतो, ही विक्री झाली. या कलमाचा दंड केवळ 200 रुपयांपर्यंत आहे आणि तो जागच्या जागी मिटवता येतो, म्हणून कोणी त्याला महत्त्व देत नाही. परंतु तेथेच एखाद्या ठेलेवाल्याने शाळकरी मुलाला पुडा आणायला पाठवले आणि आपल्या दिवाणजीने तो दिला, तर प्रकरण बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 मध्ये जाते आणि तिथे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दोनशे रुपये आणि सात वर्षे यांच्यामध्ये केवळ एका मुलाचे अंतर आहे. गोदाम हलवा. भाडे वाढेल, जुने गिऱ्हाईक कुरकुरेल, तरीही हलवा. आपल्याला करण्यासारख्या सगळ्या गोष्टींत मी हिला पहिली मानतो.

जाहिरातीविषयी आपण काही विचारलेले नाही, पण हंगाम जवळ आहे म्हणून लिहितो. दिवाळीनंतरच्या मंडईत म्हणजे गावजत्रेत, दंडारीच्या लोकनाट्याच्या मंचावर किंवा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, वितरकाच्या खर्चाने बिडीच्या छापाचे फलक लागतात, बक्षिसाच्या ढालीवर तंबाखूचे नाव येते. तंबाखूच्या कायद्याचे कलम 5 पुरवठा व वितरण करणाऱ्याला थेट नाव घेऊन मनाई करते. वर्गणी द्यायची असेल तर आपल्या घरच्या नावाने द्या, छापाच्या नावाने नको.

पुन्हा कधी तपासणी झाली तर काय करावे, याचे उत्तर थोडक्यात देतो. तंबाखूच्या कायद्याखाली झडती घेणारा अधिकारी पोलीस उपनिरीक्षकाच्या दर्जाचा, किंवा अन्न व औषध प्रशासनातील त्या तोलाचा, असावा लागतो. त्याचे नाव आणि पद नम्रपणे विचारून लिहून घ्या. पंचनाम्याची आणि जप्त मालाच्या यादीची प्रत मागा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, 1 जुलै 2024 पासून, झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूद आहे. ते झाले की नाही, हे आपल्या वकिलाला नंतर उपयोगी पडते. तंबाखूच्या कायद्याखाली जप्त केलेला माल जिल्हा न्यायाधीशांच्या मान्यतेशिवाय नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. रस्त्यावर हुज्जत घालू नये आणि ‘मिटवून टाकण्याच्या’ बोलण्यातही पडू नये, कारण मिटवलेल्या प्रकरणाचा कागद राहत नाही आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

तिसरा कायदा कराचा. त्यातली अस्वस्थता मी समजू शकतो, कारण वर्षभर आपल्याला नक्की काय होणार हे कोणी सांगत नव्हते. वस्तू व सेवा कर परिषदेने 3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत तंबाखूसाठी 28 टक्के कर व उपकर यांच्याऐवजी 40 टक्के दर ठरवला, बिडीला मात्र 18 टक्क्यांवर आणले, आणि हे दर 1 फेब्रुवारी 2026 पासून लागू झाले. सिगारेटवर त्याशिवाय उत्पादन शुल्कही आले. अशा बदलाच्या वेळी ठोक विक्रेत्याकडून दोन चुका होतात. पहिली, जुन्या छापील किमतीचा माल नव्या किमतीला देण्याची. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे हा वजन-मापे कायद्याखाली गुन्हा आहे, कर वाढला हे त्याचे उत्तर नाही. दुसरी, बदलाच्या आदल्या रात्री साठ्याची मोजणी न करण्याची. ती मोजणी करून, सही-तारखेसह ठेवलेली यादी ज्याच्याकडे असते त्याला पुढच्या दोन वर्षांतल्या प्रश्नांची उत्तरे शोधत बसावे लागत नाही. गाडीबरोबर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, हवे, राज्यांतर्गत एक लाखाच्या वर आणि परराज्यातून पन्नास हजारांच्या वर माल असेल तेव्हा, हे आपण पाळताच असे पत्रावरून दिसते.

‘लवकरच परवाना पद्धत येणार आणि किराण्यातून तंबाखू जाणार’, ही अफवा पूर्णपणे निराधार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून तंबाखूविक्रीसाठी स्थानिक संस्थांचा परवाना असावा आणि त्या दुकानात बिस्किटे, थंड पेये असा माल नसावा, असे सुचवले होते. कायदा बदलून विक्रीसाठी वयाची अट 18 वरून 21 करण्याचा मसुदाही 2021 च्या सुरुवातीला हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. तेव्हा देशभरच्या वितरकांनी आणि पानविक्रेत्यांनी हरकती घेतल्या, आणि तो मसुदा कायदा झाला नाही. तो पुन्हा येऊ शकतो. आला तर आपल्या तालुक्याच्या व्यापारी संघाने ‘आम्हाला उपाशी माराल’ एवढेच न लिहिता, किराण्यातील मिश्र माल वेगळा करायला किती मुदत लागेल आणि परवाना ग्रामपंचायतीकडून मिळणार की तालुक्याहून, असे नेमके प्रश्न लिहावेत; अशा अर्जाला उत्तर द्यावे लागते. दरम्यान, शंका आली की बाजारात विचारण्याऐवजी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतील तंबाखू नियंत्रण कक्षात लेखी विचारा.

राहिला मुलाचा प्रश्न. तो आपला विरोधक आहे असे समजू नका. 2016-17 च्या केंद्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, पण त्यांत धूम्रपान करणारे 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते. आपल्या विक्रीच्या वहीतही हेच दिसत असणार. म्हणजे आपला धंदा ज्या बाजूला जड आहे, त्याच बाजूला राज्याची बंदी आणि गावांचा विरोध वाढत आहे. शेजारच्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियानातून गावेच्या गावे ठराव करून दारू आणि तंबाखूची विक्री थांबवत आहेत. आपल्या लाईनवरच्या एखाद्या गावाने तसे ठरवले तर तिथे वाद न घालता गाडी पुढे न्यावी, असे मी सांगेन. आणि खर्रा खाऊन ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही अशी तरुण मुले आपणही ठेल्यांवर पाहत असाल. मीही पाहतो, म्हणून हा धंदा आहे तसाच वाढावा अशी इच्छा मला होत नाही, हे आपल्यापासून लपवत नाही.

परंतु उद्या सकाळी शटर ओढणे हेही शहाणपणाचे नाही, कारण आपले खरे भांडवल गोदामातल्या मालात नसून सव्वाशे दुकानांच्या ओळखीत, ठरलेल्या लाईनमध्ये आणि बाहेर पडलेल्या उधारीत आहे. त्याच गाडीत काडेपेटी, साबण, बिस्किटे, वह्या-पेन, मसाल्याची पाकिटे जाऊ शकतात. मुलाला सांगा की बंद करण्याचा हिशेब मांडण्याआधी बदलण्याचा हिशेब मांडून दाखव : कोणत्या गावात कोणता माल महिन्याला किती जाईल, त्यावर किती सुटेल, आणि तंबाखूचा वाटा दरवर्षी किती कमी केला तर घर चालेल. एम.कॉम.च्या विद्यार्थ्याला याहून चांगला अभ्यास मिळणार नाही. हा हिशेब करताना ठेल्यांकडील उधारीची यादी जुनी-नवी अशी वेगळी काढा. सहा महिन्यांवरची रक्कम आलीच असे धरू नका. तो कागद तयार झाला की, आणि नव्या गोदामाची जागा शाळेपासून मोजून घेतली की, मला पुन्हा लिहा. सोबत जप्तीच्या पंचनाम्याची प्रतही जोडा, कारण त्या चार पेट्यांच्या नमुन्याचा अहवाल आला असेल तर अपिलाचे तीस दिवस सुरू झालेले असतील.